पोट्टं कितीले पडते?

आमच्या गावात कोणाकडे नवी गाडी आली की लोक आधी विचारतात, "कितीले पडली?" म्हैस आणली तरी हेच, जाळं आणलं तरी हेच. म्हणून आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा गावानं तेच विचारलं, यात गावाची काही चूक नाही, असं मी मनाला पुष्कळ समजावलं. पण हातपंपावर, दुकानात, अगदी मारुतीच्या पायरीवरसुद्धा दिवसातून चारदा "पोट्टं कितीले पडते वं मंजुषा?" ऐकलं की जीव उबगतो.

सुरुवातीला मी नीट सांगत असे. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. घर पाहायला मॅडम येतात, त्याचे सहा हजार. पुढे मूल हाती देतात तेव्हा दत्तक संस्थेचे पन्नास हजार. दोन्हींची पावती मिळते, आणि ही मुलाची किंमत नाही, त्याच्या सांभाळाचा खर्च आहे. शेजारच्या वच्छलाबाईंनी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाल्या, "इतक्यात तं दुधाची म्हैस येते, वासरासंग."

दुसऱ्या सकाळी हातपंपावर त्यांनी हेच साऱ्या बायांना सांगितलं, आणि सकाळी मला बोलता येत नाही. माझा नेम आहे.

घर पाहायला मॅडम आल्या त्याच्या सात वर्षं आधी दुसऱ्यांदा पोट रिकामं झालं, तेव्हा मी दवाखान्यातल्या बाईंना बोलले, सासूबाईंना बोलले, देवालाही नको ते बोलले. सासूबाई आता नाहीत, त्यांची माफी मागायची राहूनच गेली. घरी आल्यावर देवघरासमोर हात जोडून नेम धरला. सकाळी आंघोळ झाली की तोंड बंद. बारा वाजता देवाला नैवेद्य दाखवायचा, मगच उघडायचं. मूल घरात येईपर्यंत. गावात लहान पोरालाही हे ठाऊक आहे. सकाळी माझ्याकडे विरजण मागायला येणारी बाई स्वतःच डबा उघडते, स्वतःच काढून घेते, आणि "नेतो वं" म्हणून जाते.

पैशाची सोय धनराजनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, केली होती. आमच्या तलावाची मच्छीमार संस्था आहे. जाळं ओढलं की मासळीचा हिस्सा मिळतो. तो हिस्सा त्यांनी दोन हंगाम पोस्टात टाकला. शेतातलं धान घरी खायला पुरतं. तेवढ्यात बसत होतं सगळं. फी परवडत होती, माणसं परवडत नव्हती.

पहिला माणूस लटारू. सिंदेवाहीला त्याचं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. आम्हाला कंप्युटरचं काही कळत नाही, म्हणून फॉर्म त्याच्याकडून भरला. त्यानं माझ्या नावात 'ष'च्या जागी 'स' घातला, तो सुधारायला तीन चकरा झाल्या. मग घरभेटीची फी भरताना त्यानं नऊ हजार घेतले. सहा फीचे, तीन त्याच्या मेहनतीचे. पावती सहाचीच निघाली. आणि वर काउंटरवरून वाकून हळूच म्हणाला, "धनराजभाऊ, तीन-तीन वर्सं कायले थांबता? दोन लाखाचं पाहा. माह्या वळखीचा एक जण हाय. महिन्यात पोट्टं घरी. कागदं मागून होत राह्यतीन."

धनराज उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. दुपारचे दोन वाजले होते, माझं मौन सुटलं होतं. मी म्हटलं, "लटारूभाऊ, हे पाप हाय. अन गुन्हा बी हाय."

"बाई, मी तं सहज म्हनलं," तो म्हणाला आणि पंखा आमच्याकडून स्वतःकडे फिरवला.

तिथेच विषय संपला होता. पण घरी येऊन मी तो मामाजींना सांगितला. मामाजी म्हणजे माझे सासरे, कवडूजी. शहात्तर वर्षांचे आहेत, दात चार आहेत, आणि पोटात काही राहत नाही. हे मला माहीत असून मी सांगितलं. ती माझी चूक.

घर पाहायला दिव्यानी मॅडम येणार होत्या बुधवारी दुपारी तीनला. चंद्रपूरहून तसा फोन आला होता. धनराज सकाळीच जाळं ओढायला तलावावर गेले, दोनपर्यंत येऊन स्वच्छ शर्ट घालतो म्हणाले. मी अंगण सारवलं, आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं आणि भात चुलीवर ठेवला. दहा वाजले होते.

तेवढ्यात दारात पांढरी गाडी थांबली.

चष्मा लावलेली एक तरुण मुलगी फाइल छातीशी धरून उतरली. "नमस्कार ताई! लवकर आले, राग नका मानू. ऑफिसची गाडी सावली तालुक्याला निघाली होती, म्हटलं तेवढंच बसचं भाडं वाचेल. तुम्ही मंजुषाताई ना?"

मी हात जोडले आणि मान हलवली.

"धनराजभाऊ कुठे आहेत?"

मी तलावाकडे बोट दाखवलं. त्यांनी तलावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की हे उत्तर त्यांना काही बरं वाटलेलं नाही.

मामाजी सपरीत, म्हणजे ओसरीत, माचीवर बसलेले होते. ते लगबगीनं उठले. "या बाई, या. बसा इथी. सूनबाई बोलत नाई."

एवढंच! मौन आहे म्हणून नाही, बारापर्यंत नाही. नुसतं, सूनबाई बोलत नाई. मी मामाजींकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं, मग देवघर दाखवलं, मग भिंतीवरचं घड्याळ.

"हाव हाव," मामाजी म्हणाले. "चहा मांडून राह्यली ती. तुमी विचारा, काय विचाराचं ते मले विचारा."

दिव्यानी मॅडमनी फाइल उघडली. घरात कोण कोण, शेत किती, संडास कुठे, दवाखाना किती दूर. मामाजींनी सगळं बरोबर सांगितलं. मी चहाचं आधण ठेवलं आणि जरा निश्वास टाकला. मग मॅडमनी विचारलं, "आजोबा, बाळ घरी येणार म्हणून तुम्हाला काय वाटतं?"

"लय आनंद हाय बाई. आमच्या घरात इकत घेतलेलं पोट्टंच टिकते."

मॅडमची लेखणी थांबली. "विकत?"

"हाव न. मी बी इकतचाच हावो. म्हनून तं मी म्हनलो धनराजले, पैशाले पाहू नको, इकतच घे."

मी दारातून हात हलवू लागले. मामाजींनी माझ्याकडे पाहून समाधानानं मान डोलावली. त्यांना वाटलं मी शाबासकी देते आहे.

"आजोबा," मॅडम फार सावकाश बोलल्या, "पैसे दिलेत का कोणाला?"

"देल्ले न. नऊ हजार."

"कोणाला?"

"लटारूले."

"लटारू कोण?"

"सिंदेवाहीचा. तो म्हने, आनखी दोन लाख देसान तं महिन्यात पोट्टं घरी आणून देतो."

आधण उतू गेलं. मी तशीच पळत देवघरात गेले. देवाच्या फोटोमागे पावती ठेवली होती ती काढली आणि मॅडमच्या हातात दिली. त्यांनी वाचली. "ही सहा हजारांची आहे, ताई. आजोबा नऊ म्हणतात. तीन हजार कोणाचे?"

मी तीन बोटं दाखवली, मग हवेत टाइप करून दाखवलं. मॅडमना वाटलं मी पेटी वाजवते आहे की काय, कोण जाणे. त्यांनी फाइल मिटली. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही घाबरू नका. घरात तुम्हाला बोलायला मनाई आहे का? मूल तुम्हाला हवंय, की घरचे म्हणतात म्हणून? नुसती मान हलवली तरी चालेल."

मान हलवायची म्हणजे कशी हलवायची? मनाई आहे का, तर आहे, पण मीच केलेली. मूल हवंय का, तर सात वर्षं सकाळची तोंड शिवून बसले ती कशासाठी? एका मानेनं दोन उत्तरं कशी द्यायची? घड्याळात साडेदहा झाले होते. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. नैवेद्याला दीड तास होता, आणि मॅडमकडे दहा मिनिटंही नव्हती. त्या गेल्या असत्या तर कागदावर काय राहिलं असतं? नवरा तलावावर, बायको मुकी, सासरा म्हणतो विकत घेणार, दलालाला पैसे दिले. यावर कोणत्या देवानं आम्हाला मूल दिलं असतं?

तरी मी गप्प उभी होते. सात वर्षांचं होतं ते. एक दिवसही चुकलेला नव्हता.

आणि मामाजी म्हणाले, "लटारूले पुन्हा विचारू का मंग? दोन लाखाचे कमी करन का तो?"

"मामाजी, चूप बसा!"

इतका मोठा आवाज आपल्या गळ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. वच्छलाबाईंच्या कोंबड्या कुंपणावरून उडाल्या. गाडीवाला खाली उतरला. मामाजी माचीवर मटकन बसले. सात वर्षांत सकाळच्या वेळी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा, तोही सासऱ्याला, तोही बाहेरच्या माणसासमोर.

मग मी थांबलेच नाही. लटारूचे तीन हजार कसले ते सांगितलं. दोन लाखाची गोष्ट त्यानं काढली आणि आम्ही तिथून उठून आलो, हे सांगितलं. धनराज मासळीवर गेले आहेत कारण तुम्ही तीनला येणार होता, हेही सांगितलं. "अन मले कोनी मनाई केली नाई मॅडम. माह्यं मौन असते बारापर्यंत."

"मौन?" मॅडम म्हणाल्या. "कशासाठी?"

"मुलासाठी."

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला. "ताई, मुलासाठी बोलायची वेळ आली तेव्हा तुम्ही मुलासाठी गप्प बसल्या होत्या?"

मी उतू गेलेलं आधण चुलीवरून उतरवलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "लटारूचं मी वर कळवते. आणि तुम्ही यापुढे ज्याची पावती नाही त्याला एक रुपया देऊ नका. पण आजोबा 'विकत' म्हणाले ते मी ऐकलंय. न ऐकल्यासारखं करता येत नाही मला. हे काय आहे ते सांगा."

मामाजी खाली मान घालून बसले होते. त्यांनी धोतराच्या वरच्या बाजूनं करदोडा ओढून काढला. त्यात एक कवडी ओवलेली आहे, झिजून पिवळी झालेली. मी ती लग्न झाल्यापासून पाहते आहे.

"माह्या पहिले तीन भाऊ झाले बाई," ते म्हणाले. "तिघंबी गेले. कोनी महिन्याचा, कोनी आठ दिसाचा. माह्यी पाळी आली तं मायनं मले सुपात टाकलं अन बुधरी सुईनीच्या पायापाशी ठेवलं. बुधरीनं एक कवडी देल्ली अन मले घेतलं. म्हनून कवडू. पाच वर्सं मी तिचाच होतो. माय मले तिच्या घरून उसना आनून दूध पाजे अन परत नेऊन दे."

मॅडमना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत.

"फुकटचं असते ते कोनी बी वापस मांगते," मामाजी म्हणाले. "देव बी मांगते. तीन वेळा मांगलं त्यानं. इकत घेतलेलं कोनाले मांगता येत नाई. म्हनून म्हनलो बाई, इकत. उद्या कोनी म्हनलं का तुमचं रगत नाई, द्या वापस, तं सांगता आलं पाह्यजे. बस एवढंच. सूनबाईनं मले चूप बसवलं, ते ठीकच हाय. मले बोलाची अक्कल नाई."

मला रडू आलं आणि रागही आला. हे आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला?

तेवढ्यात धनराज आले. कोणा पोरानं तलावावर जाऊन सांगितलं असावं, की तुमच्या दारात सरकारी गाडी आहे आणि तुमची बायको ओरडते आहे. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला मासळीचा वास, हातात वाव जातीचा लांब मासा. त्यांनी मॅडमला नमस्कार केला तो माशासकट.

"मंजुषा बोलली?" त्यांनी मला विचारलं नाही, मामाजींना विचारलं.

"बोलली," मामाजी म्हणाले. "लय बोलली."

मॅडमनी गाडीवाल्याला अर्धा तास थांबवलं. धनराजना अंगणात बसवून सगळे प्रश्न पुन्हा विचारले. मूल मोठं झाल्यावर त्याला सांगाल का, की ते दत्तक आहे? धनराज म्हणाले, "आमी नाई सांगितलं तं गाव सांगन. त्यापेक्षा आमीच सांगू." मॅडमनी हे लिहून घेतलं. बारशाला खर्च किती कराल, म्हणून विचारलं. मामाजी तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांच्याकडे पाहिलं. तलावाच्या साऱ्या संस्थेला जेवण आणि डीजे, हे त्यांच्या मनात आहे, मला माहीत होतं. ते म्हणाले, "सूनबाई म्हनन तेवढा."

"साखर वाटू," मी म्हटलं.

निघताना मॅडमनी शेवटची ओळ वाचून दाखवली. "आजोबांच्या समजुतीप्रमाणे मूल एकदा घरात आले की ते कोणालाही परत देता येत नाही." "असं चालेल ना आजोबा?"

मामाजींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग करदोड्याची गाठ सोडू लागले. "ही ठेवा तुमच्यापाशी. पोट्टं आनाल तवा ज्याचं असन त्याले द्या, म्हनजे इकतचं झालं."

"नाही हो, मला काही घेता येत नाही. लाच होते ती."

"कवडीची?" मामाजी म्हणाले.

"कवडीची पण," म्हणत मॅडम गाडीत बसल्या.

बारा वाजता मी नैवेद्य दाखवला. भात खाली लागला होता. देवाला म्हटलं, हे असं झालं, तूच पाहिलंस. दुसऱ्या दिवशी उपास केला आणि मामाजींच्या पाया पडले. नेम पुन्हा धरला, त्यात फक्त एवढंच वाढवलं, की मुलाच्या कामासाठी बोलावं लागलं तर तो भंग धरायचा नाही. देव हो म्हणाला की नाही ते कळायला मार्ग नाही. पण महिन्याभरात अहवाल चांगला आल्याचा फोन आला. लटारूला वरून कोणाचा तरी फोन गेला होता. त्यानं तीनपैकी दोन हजार परत केले. उरलेल्या एकाचं विचारलं की सांगतो, नेटवर्क नाही.

आता आमचं नाव यादीत आहे. किती जणांच्या मागे आहे तो आकडा मोबाइलवर दिसतो. दोन वर्षं झाली. कधी महिना महिना हलत नाही, कधी एकदम वीस-पंचवीसनं खाली येतो. धनराज तलावावर जाण्याआधी पाहतात आणि मला सांगून जातात. मामाजी त्यांना विचारत नाहीत. ते मलाच विचारतात, आणि रोज न चुकता मी मौनात असतानाच. "काय झाला वं नंबर?" मी चुलीपुढच्या जमिनीवर ओल्या बोटानं लिहून दाखवते. मामाजींना वाचता येत नाही, पण मासळी मोजून मोजून आकडे येतात. वाळेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत बसतात.

काल सकाळी मी लिहिलं, नऊशे अठ्ठ्याण्णव.

मामाजी वाकले, डोळे बारीक केले, बोटानं आकडे मोजले. एक, दोन, तीन. पुन्हा मोजले. "एक आकडा उडाला न वं!" ते म्हणाले आणि काठी न घेताच उठून कुंपणापाशी गेले.

"वच्छलाबाई! वो वच्छलाबाई! हजाराच्या आत आलं आमचं पोट्टं!"

"माय वं!" पलीकडून वच्छलाबाई म्हणाल्या. "एवढं सस्तं झालं? कुठी भेटून राह्यलं?"

त्या तेवढ्यावर थांबणाऱ्या नाहीत. कळशी घेऊन हातपंपाकडे निघाल्या, म्हणजे आता अर्ध्या तासात गावभर होणार. मी देवघराच्या उंबऱ्यात उभी राहून विचार केला, हे मुलाच्या कामात मोडतं का? मोडत नाही. हे गावाच्या कामात मोडतं.

घड्याळात साडेदहा झाले होते. मी ओठ घट्ट मिटले आणि तांदूळ धुवायला घेतले.